शाहीनचा चहा बंद होता तेव्हा

१

कोपर्निकस मार्गावरच्या त्या खोलीत शनिवारी संध्याकाळी जे घडलं, ते पाहून देवयानी गडकरांच्या मनात एकच शब्द आला: विष.

आता जिने उभी हयात सरकारी प्रयोगशाळेत विषं ओळखण्यात घालवली, तिला दुसरं काय सुचणार म्हणा! निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बाई लग्नाच्या पंगतीत बसल्या की आधी बासुंदीचा वास घेत आणि मगच वाटी तोंडाला लावत. पण त्या संध्याकाळी त्यांच्या जागी तुम्ही-आम्ही असतो, तरी हाच शब्द मनात आला असता.

दर हिवाळ्यात राज्याच्या जुन्या अतिथिगृहातली एक खोली घेऊन दिल्लीतले निवृत्त मराठी अधिकारी यूपीएससीच्या मुलांच्या सराव मुलाखती घेत. मुलं त्याला ‘मॉक बोर्ड’ म्हणत. अध्यक्ष भालचंद्र सबनीस, निवृत्त सचिव. शेजारी देवयानीबाई. कोपऱ्यात लालभडक तापलेला हीटर. आणि समोरच्या खुर्चीत त्या दिवसाची शेवटची उमेदवार, राजनंदिनी बाबर.

फलटणकडची ही मुलगी सगळ्या बॅचचा हुकमी एक्का होती. तिची खरी मुलाखत बुधवारी होती आणि हा तिचा शेवटचा अटेम्प्ट होता. बुधवार हुकला की कायमचा हुकला. तरी ही बया सकाळपासून बाहेरच्या व्हरांड्यात बाकीच्यांची तयारी करून घेत बसली होती.

सबनीसांनी धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न टाकला. राजनंदिनीने सुरुवात अशी केली की देवयानीबाई पुढे सरकून बसल्या. आणि मग हळूहळू काहीतरी बिघडायला लागलं. शब्दांच्या कडा विरघळल्या. आवाज नाकातून येऊ लागला. डावी पापणी खाली आली आणि तिथेच राहिली. तिने घाईघाईने पाण्याचा घोट घेतला, तो नाकातून बाहेर आला.

देवयानीबाई खुर्ची मागे ढकलून धावल्या. नाडी ठीक. घाम नाही. त्यांनी मोबाइलचा टॉर्च डोळ्यांवर मारला. बाहुल्या दोन्ही सारख्या, उजेडाला लगेच आकसणाऱ्या. अफू नाही, धोतरा नाही! राजनंदिनीने समोरचा कागद ओढला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, “मला सगळं समजतंय. जीभ ऐकत नाहीये.”

“नर्व्हस झालीय, दुसरं काय,” सबनीस म्हणाले. “खरं सांगू का, थोडं नाटकही असतं. उत्तर सुचलं नाही की मुलांना असं होतं.”

“नाटक नाही सर,” मागच्या रांगेतून जयेश उठला. तो तिच्याच ग्रुपमधला होता, त्याचीही मुलाखत याच आठवड्यात. “हे आधीही झालंय. आणि दर वेळी त्याआधी तिने तिच्या रूममेटचा चहा प्यायला होता. आजही.”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. तिथे शाहीन मुजावर उभी होती, थर्मास छातीशी घट्ट धरून.

२

पुढचा प्रकार आणखी विचित्र. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गर्दी होती, म्हणून राजनंदिनीला नुसतंच कॉटवर आडवं करून ठेवलं. डॉक्टर येईपर्यंत ती उठून बसली होती आणि खणखणीत बोलत होती! शुगर, बीपी, डोक्याचा स्कॅन, सगळं नॉर्मल. “एग्झाम का टेन्शन है, माताजी,” असं म्हणून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले. देवयानीबाईंना ‘माताजी’ मुळीच आवडलं नाही.

त्यांनी थर्मास थेट नोएडाला धाडला. तिथे त्यांची जुनी विद्यार्थिनी अक्षया एका खासगी लॅबमध्ये होती. आणि रविवारी सकाळी त्यांनी शाहीनला सरोजिनी नगरच्या आपल्या मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये बोलावलं.

शाहीन आली ती रडून सुजलेल्या डोळ्यांनी.

“ओट्यावर सगळं काढून ठेवलंय. चहा कर,” बाई म्हणाल्या.

“मी? मॅडम, अख्खा ग्रुप म्हणतोय की मी...”

“म्हणूनच तू. दोन कप.”

शाहीनने चहा केला. आलं, साखर, नंतर दूध. देवयानीबाई तिच्या हातांकडे बघत राहिल्या आणि मग पहिला घोट त्यांनीच घेतला. शाहीनला पुन्हा हुंदका फुटला, पण आता ती बोलायला लागली.

“मॅडम, हिशेब मलाही कळतो. गेल्या आठवड्यात आमचं भांडण झालं होतं. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही आणि चहाही दिला नाही. ते दोन दिवस ती एकदम ठणठणीत! मग भांडण मिटलं, चहा सुरू झाला आणि त्याच संध्याकाळी तिची जीभ जड झाली. बाहेरची असते ना, तर मीच माझ्यावर संशय घेतला असता.”

“भांडण कशावरून?”

“खिडकीवरून. दिल्लीची ही थंडी, मी दोन-दोन रजया घेऊन कुडकुडते आणि हिला खिडकी सताड उघडी हवी. म्हणे, गार वाऱ्यात डोळे छान उघडे राहतात. हीटर लावला की मरगळ येते म्हणे.”

“अच्छा,” बाई म्हणाल्या. “आणि भांडण मिटल्यावर?”

“मिटल्यावर डबल प्रॅक्टिस. दोन दिवस वाया गेले होते ना! मी प्रश्न विचारायचे, ती उत्तरं द्यायची. जीभ अडखळली की मी तिला दातांत पेन्सिल धरून मोठ्याने पेपर वाचायला लावायचे. कोचिंगमध्ये सगळेच करतात तसं. शेवटचा अटेम्प्ट आहे मॅडम तिचा. मी तिला कशी पडू देईन?”

या मुलीने विष घातलं असेल, तर आपण आयुष्यभर झक मारली, असं देवयानीबाईंना मनापासून वाटलं. पण मनापासून वाटणं हा पुरावा नव्हे, हेही त्यांनीच कैक पोलीस अधिकाऱ्यांना सुनावलेलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. अक्षया होती. “मॅडम, चहात चहाखेरीज आणखी काहीतरी आहे. कुणीतरी वरून टाकलंय.”

३

“ब्राह्मी,” अक्षया पुढे म्हणाली. “निव्वळ ब्राह्मीची पूड. बाकी कीटकनाशक नाही, झोपेचं औषध नाही, धातू नाही. मी सगळं तपासलं.”

शाहीनने आयुष्यात ब्राह्मी पाहिली नव्हती. ती पूड कुणाची, हे शोधायला बाईंना फार कष्ट पडले नाहीत. बॅचमध्ये स्मरणशक्तीची खूळं असणारा एकच प्राणी होता. त्यांनी जयेशला सरोजिनी नगरच्या बाजारात छोले-कुलच्याच्या गाडीपाशी गाठलं. रविवारची गर्दी अशी की दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं.

“थर्मासमध्ये ब्राह्मी कोणी टाकली?”

जयेशचा घास घशात अडकला. “मॅडम... मी. पण चांगल्यासाठी! आमच्या गावच्या वैद्यांची आहे. मी स्वतः रोज घेतो. तिला सांगितलं असतं तर हसली असती.”

“आणि काल सगळ्यांसमोर शाहीनकडे बोट दाखवताना ही पूड आठवली नाही?”

“मॅडम, पूड नसेल ना ती! खरंच. त्यांच्या भांडणाच्या दोन दिवसांत चहा नव्हता, तर मी कॅन्टीनमध्ये तिच्या दुधात घातली. त्या दोन दिवसांत तिला काहीच झालं नाही. म्हणून तर मला वाटलं की चहातच काहीतरी आहे.”

मूर्ख खरा, पण युक्तिवाद बरोबर होता. ब्राह्मी चालू असताना ती बरी होती, म्हणजे ब्राह्मी सुटली. देवयानीबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. “तुला तिची एवढी काळजी का?”

जयेश कानापर्यंत लाल झाला. “मॅडम, कुणाला सांगू नका. ती मला... डोळा मारते.”

“काय?”

“खरंच यार... सॉरी, मॅडम. मेट्रोत समोर बसली की एक डोळा मिटून माझ्याकडे बघते. परवा मंडी हाउसला पाटी वाचता वाचता पण. डायरेक्ट सगळ्यांसमोर.”

देवयानीबाईंना हसू आवरेना. कुलचेवालाही कारण न कळता हसायला लागला. आणि हसता हसता बाई एकदम थांबल्या.

“सकाळी मारते की संध्याकाळी?”

“संध्याकाळी. सकाळी तर ओळखही दाखवत नाही.”

पाटी वाचताना एक डोळा मिटायचा, तोही फक्त संध्याकाळी! प्रेमाला वेळकाळ नसतो म्हणतात. मग या प्रेमाला का असावा? एका पाटीच्या दोन दिसायला लागल्या की माणूस एक डोळा मिटून घेतो.

पण कुणाला काही सांगायच्या आत शाहीनचा मेसेज आला. राजनंदिनीचे वडील मिळेल त्या विमानाने दिल्लीत पोहोचले होते, परतीची तिकिटं आणि पोलिसांत द्यायची तक्रार दोन्ही बरोबर घेऊन.

४

तात्याराव बाबर शाळेत पीटीचे मास्तर. छाती अजून परेडच्या पवित्र्यात. सोमवारी सकाळी ते देवयानीबाईंच्या बैठकीत येऊन बसले, तेही अगदी ताठ.

“बाई, उद्या दुपारच्या गाडीने पोरीला घेऊन जातो. जायच्या आधी त्या मुलीचं नाव पोलिसांत देतो. मुलाखत गेली खड्ड्यात. पोर जिवंत पाहिजे मला.”

“तात्या, मी येणार नाही!” राजनंदिनी कडाडली. सकाळच्या त्या मुलीत आणि शनिवारच्या त्या मुलीत जमीन-अस्मानाचा फरक होता. डोळे टपोरे, आवाज घंटेसारखा. “बुधवार गेला तर सगळं संपलं. आणि शाहीनचं नाव घेतलंत तर माझ्याशी बोलू नका.”

“बघितलंत? घरी दहा सूर्यनमस्कार जास्त घातले असते तर ही वेळच आली नसती. हिला जोर कमी पडतो.”

देवयानीबाईंनी त्यांना पोहे दिले आणि मोर्चा मुलीकडे वळवला. “जेवण कसं आहे तुझं?”

“बरं आहे. फक्त रात्री पोळी अर्धीच टाकते. चावून चावून जबडा दुखत नाही, दमतो. डाळ-भात जातो.”

“सकाळी?”

“सकाळी परोठे पण खाते, मॅडम.”

“केस विंचरताना?”

राजनंदिनी चमकली. “तुम्हाला कसं कळलं? हात वर राहत नाहीत. मध्ये खाली टेकवावे लागतात. मला वाटलं, अभ्यासाने अशक्तपणा आलाय.”

“तात्याराव,” बाई म्हणाल्या, “मला आजची संध्याकाळ द्या. नंतर पोलीस, गाडी, काय ते करा. आणि हो, राजनंदिनीला आज दिवसभर हवं तितकं बोलू द्या. अडवू नका.”

ते गेल्यावर बाई घरात येरझाऱ्या घालू लागल्या. मुलगा यशराज ऑफिसला निघाला होता. त्याने विचारलं, “आई, विषाचा पत्ता लागला का?”

“तेच तर! असं कुठलं विष आहे, जे डोकं शाबूत ठेवतं, बाहुल्यांना हात लावत नाही, पण पापणी, जीभ, जबडा, दंड, जे जे माणूस आपल्या इच्छेने हलवतो ते ते सगळं ढिलं पाडतं? सांग.”

“मी अंडर सेक्रेटरी आहे, आई. मला काय विचारतेस?”

“क्युरारे!” बाईंनी टाळी वाजवली. “दक्षिण अमेरिकेच्या जंगलातले शिकारी बाणाला लावतात ते. हुबेहूब हेच! फक्त ते कधी पोटातून भिनत नाही. शिकारी त्याच बाणाने मारलेलं जनावर खुशाल भाजून खातात. ते थेट रक्तातच जावं लागतं.”

“मग कुणीतरी इंजेक्शन दिलं असेल.”

“कुणी नाही दिलं. आणि दिलं असतं तर ती कॉटवर नुसतं पडून राहून अशी बरी झाली नसती.”

यशराज मान हलवत निघून गेला. देवयानीबाई खुर्चीत बसल्या आणि लगेच उठल्या. तोंडातून दिलेलं नाही, सुईने टोचलेलं नाही, तरी रक्तात आहे. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. विश्रांतीने उतरतं, हीटरपाशी वाढतं, उघड्या खिडकीपाशी हटतं. आणि ते दोन दिवस! सगळे जण त्या दोन दिवसांत बंद झालेल्या चहाकडे बघत बसले होते. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. अहो, दोन मैत्रिणी भांडल्या की पहिल्यांदा काय बंद होतं?

बाईंनी फ्रीजरचं दार उघडलं, बर्फाचा ट्रे भरून ठेवला आणि मग एक फोन लावला.

५

संध्याकाळी क्वार्टरच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर तात्याराव आणि सबनीस, वेताच्या मोढ्यावर जयेश, दाराजवळ अंग चोरून शाहीन. राजनंदिनी दिवसभर बोलून आली होती आणि तिचा आवाज आत्ताच जाडसर लागत होता.

“गुन्हेगाराचं नाव मी आज सांगणार आहे,” देवयानीबाई म्हणाल्या. “त्याआधी एक प्रयोग. राजनंदिनी, मान न हलवता छताच्या पंख्याकडे बघत राहा. बघतच राहा.”

आधी डावी पापणी थरथरली. मग ती उतरायला लागली. मागोमाग उजवी. थोड्याच वेळात दोन्ही डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या.

“असं तर मीही करून दाखवीन,” सबनीस पुटपुटले.

“तुम्ही असंच म्हणणार, हे मला ठाऊक होतं!” बाईंचा आवाज आनंदाने चढला. त्यांनी रुमालात बर्फ गुंडाळला. “राजनंदिनी, दोन्ही डोळे मीट. विश्रांती दोघांनाही सारखीच. बर्फ मात्र फक्त डाव्यावर. डावाच जास्त वाईट आहे ना? ठीक.”

त्या पाच माणसांना तेवढा वेळ थांबणं जड गेलं. रुमालातून पाणी ठिबकत होतं. तात्यारावांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला आणि जयेशने दोनदा त्यांना खाली बसवलं. शेवटी बाईंनी रुमाल काढला.

“उघड!”

उजवी पापणी अर्ध्यावरच लोंबत होती. आणि डावा डोळा, तोच वाईट डोळा, टक्क उघडला!

“अल्ला!” शाहीनच्या तोंडून निघालं. सबनीस चष्मा काढून पुढे वाकले. तात्यारावांना आपण उभे आहोत हेही कळलं नाही.

“सबनीससाहेब, आता असं करून दाखवा,” बाई म्हणाल्या. “एकाच डोळ्याचं नाटक बर्फाने कसं पळतं ते मला बघू दे.”

मग देवयानीबाई सगळ्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. अंगात वारं शिरल्यासारख्या त्या बोलत होत्या.

“मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत येतो. पण नस स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये बारीकशी फट असते. नस त्या फटीत एक रसायन सोडते. स्नायूच्या अंगावर त्या रसायनासाठी जणू कुलपं असतात. किल्ली कुलपात बसली की स्नायू हलतो. क्युरारे काय करतं? आधीच जाऊन त्या कुलपांत बसतं. मग नस किल्ल्या पाठवत राहते आणि इकडे कुलपं बंद. राजनंदिनीच्या रक्तात असंच काहीतरी आहे.”

“कुणी घातलं ते सांगा!” तात्याराव गरजले.

“कुणीच नाही. तिच्याच शरीराने तयार केलं. जंतूंशी लढायला आपलं रक्त जे शिपाई तयार करतं ना, अँटिबॉडी म्हणतात त्यांना, त्यातले काही वाट चुकलेत. ते तिच्या स्वतःच्याच कुलपांवर चालून गेलेत. काही कुलपांत ते बसलेत, काही त्यांनी मोडूनच टाकलीत. कुंपणच शेत खातंय, तात्याराव. पोलिसांत कुणाचं नाव देणार?”

तात्याराव मटकन खाली बसले.

“पण मग चहा?” जयेशने विचारलं. “ते दोन दिवस?”

“आता आलास मुद्द्यावर. दमलेला स्नायू म्हणजे काय? नस सुरुवातीला किल्ल्या भरपूर सोडते. थोडी कुलपं शाबूत असली तरी भागून जातं. पण लागोपाठ काम पडलं की नसेकडून येणाऱ्या किल्ल्या कमी होत जातात. तुमच्या-माझ्याकडे कुलपं इतकी आहेत की ते जाणवतही नाही. हिच्याकडे ती थोडीच उरलीत, म्हणून हिची जीभ थांबते. विश्रांती मिळाली, गारवा मिळाला की पुन्हा चालते. शनिवारी सकाळपासून ही बोलत होती आणि वर हीटरपाशी बसवली. भांडणाच्या दोन दिवसांत चहा बंद होता, खरंय. पण त्याहून मोठी गोष्ट बंद होती. शाहीन, काय बंद होतं?”

शाहीनचे डोळे विस्फारले. “बोलणं,” ती म्हणाली. “आम्ही बोलतच नव्हतो. प्रॅक्टिस बंद होती.”

“बिल्कुल! चहा थांबला म्हणून ती बरी झाली नाही, तोंड थांबलं म्हणून झाली. आणि नंतर काय केलंत? अडखळली की अजून बोल, जीभ जड झाली की दातांत पेन्सिल धर. आम्ही बोर्डवाले, तुम्ही ग्रुपवाले, सगळ्यांनी मिळून तिला औषध म्हणून तेच पाजलं, जे तिला बाधत होतं.”

शाहीनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. राजनंदिनी उठली, तिच्यापाशी गेली आणि तिला घट्ट धरून उभी राहिली. तिला बोलायचं होतं, पण शब्द नीट निघेनात, म्हणून तिने नुसतीच जोरात मान हलवली.

“बुधवार?” तात्यारावांनी एवढंच विचारलं. त्यांचा आवाज आता परेडचा राहिला नव्हता.

देवयानीबाईंनी ओला रुमाल पिळून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “ते माझ्या हातात नाही. मी विषवाली बाई. सकाळी मी ज्यांना फोन केला, त्यांनी उद्या पहिल्या नंबरला बोलावलंय.”

६

न्यूरॉलॉजिस्ट डॉ. अरुणा कमी बोलणाऱ्या होत्या. मंगळवारी सकाळी त्यांनी राजनंदिनीच्या नसेला लागोपाठ विजेचे हलके टोले दिले. पडद्यावर पहिल्या टोल्याला स्नायूने उंच उसळी मारली. दुसऱ्याला थोडी कमी, तिसऱ्याला आणखी कमी. देवयानीबाई खुर्चीच्या कडेवर येऊन बसल्या होत्या. आपला तर्क आपल्या डोळ्यांसमोर पायरी पायरीने खाली उतरताना बघणं, यासारखं सुख त्यांना प्रयोगशाळेतही फार थोड्या वेळा मिळालं होतं.

“मायस्थेनिया,” डॉ. अरुणा म्हणाल्या. “रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागेल, पण मला शंका नाही. छातीचा स्कॅन लागेल, पुढे उपचार लांबचे आहेत. आत्ता मला एकच बघायचंय.” त्यांनी तिला एका श्वासात जमेल तितके आकडे मोजायला लावले, नळीत फुंकायला लावलं आणि मगच खांदे सैल सोडले. “श्वासाचे स्नायू चांगले आहेत. हे बिघडलं असतं तर मी मुलाखतीचं नावही काढू दिलं नसतं.”

“म्हणजे उद्या...?” राजनंदिनीने विचारलं.

“गोळी देते. नसेने सोडलेलं रसायन थोडा जास्त वेळ टिकतं तिने. आज घेऊन बघू. पटली तर उद्या आत जायच्या आधी, मी सांगेन त्या वेळेला. बोर्डाला सुरुवातीलाच आजार सांगायचा, लपवायचा नाही. गिळताना किंवा श्वासाला त्रास वाटला तर मुलाखत सोडून सरळ इथे. आणि तोपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही.”

यूपीएससीच्या मुलांना गप्प बसवणं म्हणजे काय असतं, हे ज्याने तो ग्रुप पाहिलाय त्यालाच कळेल. पण त्या दिवशी चमत्कार झाला. ज्यांनी तिला बोलतं ठेवायचा विडा उचलला होता, तेच आता तिच्या मौनावर पहाऱ्याला बसले. जयेश खोलीच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसला आणि शुभेच्छा द्यायला येणाऱ्याला परतवू लागला. शाहीनने स्वतः उठून खिडकी सताड उघडली आणि रजया पांघरून तिच्या शेजारी मूकपणे पेपर चाळत बसली. तात्यारावांनी परतीची तिकिटं रद्द केली. त्यांना मुलीला हजार गोष्टी सांगायच्या होत्या. बिचारे तोंडाला रुमाल लावून व्हरांड्यात फिरत राहिले.

बुधवारी दुपारी शहाजहान रोडवर यूपीएससीच्या फाटकासमोर ते सगळे फुटपाथवर उभे होते. राजनंदिनी वेळेवर गोळी घेऊन आत गेली होती. देवयानीबाई फाटकावरून नजर हटवत नव्हत्या. कोडं सुटलं, पण मुलगी बसली पाहिजे ना तिथे! तिथे तर्क चालत नाही. तिथे जीभ चालावी लागते.

“काही बिघडलं तर?” तात्यारावांनी कितव्यांदा तरी विचारलं.

“तर आपण इथे आहोत, काका,” शाहीन म्हणाली.

शेवटी ती फाटकातून बाहेर आली. हळूहळू चालत होती. दोन्ही पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि मान पुढे झुकली होती. तात्याराव ट्रॅफिक न बघता धावले. मागे बाकीचे.

“काय गं? जमलं?”

तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. आणि मग तिचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. वरचा ओठ उचलला गेला, दात दिसले, गाल मात्र जागचे हलले नाहीत. हुंदका दाबताना माणसाचा होतो, तसा तो चेहरा होता. तात्यारावांनी तिचे खांदे धरले. “गेलं,” ते म्हणाले. “गेलं ना, बाळा? असू दे. तू बरी हो, बस. मला दुसरं काही नको.”

देवयानीबाईंनाही क्षणभर तसंच वाटलं. त्या पुढे झाल्या, पण शाहीनने त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं. ती राजनंदिनीच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

“काका,” शाहीन म्हणाली, “रडत नाहीये हो ती. हसतेय. गाल दमलेत तिचे.”

राजनंदिनीने होकारार्थी मान हलवली. मग दोन्ही हातांची बोटं ओठांच्या टोकांना लावून तिने ती वर ढकलली आणि वडिलांना दिसावं म्हणून तशीच धरून ठेवली. तात्याराव बाबर भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडायला लागले आणि मागे थांबलेला रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.